चार घरांचा नंबर आणि तिसरा डोस

चंदनसारला आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मजल्यावर चार घरं, आणि चार घरांत मिळून मोबाईल एकच, आमचा. घेतला ह्यांनी होता, पण ह्यांच्याजवळ नसायचा. हे सातिवलीला प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होते. तिथे मोबाईल गेटवर जमा करावा लागे. एकदा दुसराच कामगार आपला समजून ह्यांचा मोबाईल घरी घेऊन गेला आणि तो परत मिळायला तीन दिवस लागले. त्यानंतर हे म्हणाले, त्यापेक्षा घरीच राहू दे. मी घरी इमिटेशनच्या माळा ओवायचं काम करायचे. त्यातल्याच उरलेल्या मण्यांची एक पिशवी केली आणि मोबाईल त्यात घालून दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवला.

मजल्यावरच्या सगळ्यांनी आमचाच नंबर लिहून दिला होता. शाळेत, बँकेत, गॅसवाल्याकडे, गावाकडच्या नातेवाइकांना. फोन आला की मी "थांबा हं" म्हणायचे आणि ज्यांचा असेल त्यांची कडी वाजवायचे. मला ते काम आवडायचं. मला माणसांत बोलता येत नाही. माहेरी निर्मळलासुद्धा पाहुणे आले की मी मागच्या केळीत जाऊन बसायचे, आई हाका मारून दमायची. पण दाराशी जाऊन "तुमचा फोन आहे" एवढंच म्हणायचं असलं की मला जमायचं. पुढे काय बोलायचं तो प्रश्नच नाही.

मेसेजचं मात्र वेगळं होतं. मी चौथीपर्यंत शिकले. मराठी वाचते, हळूहळू लिहितेही. मेसेज यायचे ते इंग्रजी अक्षरांत. ते मला मुलीकडून वाचून घ्यावे लागत. ती तेव्हा नववीत होती.

त्या वर्षी ह्यांच्या कारखान्यात रक्तदान शिबीर झालं. ह्यांनी रक्त दिलं आणि बिस्किटाचा पुडा घेऊन खुशीत घरी आले. काही दिवसांनी रक्तपेढीचं पत्र आलं, येऊन भेटा म्हणून. ह्यांना वाटलं शाबासकीचं पत्र असेल. तिथे सांगितलं की ह्यांच्या रक्तात कावीळ आहे, बी नावाची. ह्यांचे डोळे पांढरे स्वच्छ, भूक नीट, दोन पाळ्या ओढत होते. मी म्हटलं, कावीळ असती तर मला डोळ्यांत दिसली नसती का? हे म्हणाले, मी पण तेच विचारलं. ते म्हणाले, ही दिसत नाही, नुसती राहते.

मग मोठ्या डॉक्टरांनी माझं आणि मुलीचं रक्त तपासायला सांगितलं. माझ्या रक्तात ती कधीतरी येऊन गेली होती म्हणे, आता मला होणार नाही. कधी आली, कधी गेली, मला काहीच माहीत नाही. माझ्याच अंगात येऊन गेलेली गोष्ट मला दुसऱ्याने सांगावी, याचं मला फार दिवस नवल वाटत राहिलं. मुलीच्या रक्तात नव्हती. पण घरात असल्यामुळे तिला होऊ शकते, म्हणून तिला तीन डोस द्यायचे. एक लगेच, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. डॉक्टर म्हणाले, एका ताटात जेवल्याने होत नाही, रक्ताला रक्त लागल्याने होते. तिन्ही झाले की काळजी नाही.

बाहेर आल्यावर हे मला म्हणाले, "हे कुणाला बोलायचं नाही. आपल्या मजल्यावर एका दाराला कळलं की चारही दारांना कळतं. उद्या पोरीच्या लग्नाच्या वेळी कुणीतरी काढेल."

मी म्हटलं, "मी कुणाशी बोलते?"

ते म्हणाले, "तेही खरंच."

चंदनसारलाच लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना होता. तिथे कॉम्प्युटर होता. काउंटरवरच्या मुलीने आमचा नंबर घेतला आणि म्हणाली, "पुढच्या डोसची तारीख जवळ आली की मेसेज येईल. काळजी करू नका." मला ते इतकं बरं वाटलं. आपल्या मुलीचा डोस कुणीतरी लक्षात ठेवणार. मॅडमनी एक कार्डही दिलं. त्यावर वर कोपऱ्यात लाल शाईने वडिलांचा आजार लिहिला होता. घरी आल्याबरोबर ह्यांनी ते कार्ड पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाखाली घातलं. म्हणाले, "मेसेज येणार आहे ना? मग कार्ड बाहेर कशाला?" मलाही ते पटलं.

मुलीच्या दंडावर कापसाची पट्टी होती. ती शेजारच्या वहिनींनी लगेच पाहिली. वहिनी साताऱ्याकडच्या, बारावी झालेल्या, त्यांचे मिस्टर मुंबईत ऑफिसात. त्यांचा मुलगा दहावीत होता.

"काय गं, कसलं इंजेक्शन?"

मुलगी म्हणाली, "काविळीचं. मॅडम म्हणाल्या, सगळ्या मुलांनी घ्यायला पाहिजे." हे मॅडम खरंच म्हणाल्या होत्या. मुलगी खोटं बोलली नव्हती, फक्त उरलेलं बोलली नव्हती.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "आवो, मग मला सांगायचं नाही का? तुमच्या पोरीला द्यायचं आणि आमच्या पोराला नको होय?"

आठवड्याच्या आत त्यांनी मुलाला नेऊन आणलं. ते पाहून समोरच्या मावशी नातीला घेऊन गेल्या. मावशी कोकणातल्या, लेक-जावई दुबईला, नात त्यांच्याकडे वाढत होती. दोघींनीही दवाखान्यात नंबर आमचाच दिला. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. सगळीकडे तोच देत होते.

महिन्याने मेसेज आला. मुलीने वाचला. प्रिय पालक, तुमच्या मुलाचा किंवा मुलीचा डोस या आठवड्यात आहे, कृपया दवाखान्यात यावे.

"कुणाचा?" मी विचारलं.

"नाव नाहीये, आई."

"असं कसं? खाली बघ."

"खाली दवाखान्याचं नाव आहे. आपलं नाही."

मी मोबाईल घेऊन तिन्ही दारांत गेले. चौथ्या घरात नवं जोडपं होतं, त्यांना मूलच नव्हतं, तरी तिथे पण गेले. राहून गेलं असं नको. वहिनी म्हणाल्या, "आमचाच असणार." मावशी म्हणाल्या, "आमचो नाय कशावरून?" शेवटी रविवारी सकाळी आम्ही तिघी तीन मुलांना घेऊन एकदमच गेलो. काउंटरवरची मुलगी आम्हाला बघून हसायलाच लागली. कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाली, आज फक्त हिचा आहे, म्हणजे आमच्या मुलीचा. बाकीच्या दोघांचे पुढच्या आठवड्यात.

परत येताना वहिनी जरा रागावल्या होत्या. "रविवार वाया गेला. मेसेज पाठवता तर नाव घालायला काय होतं ह्यांना?"

मावशी म्हणाल्या, "गो, पूर्वी डोस द्यायला बाई घरी यायची. अंगठ्याला शाई लावून जायची. आता यंत्रावर सांगतात. माणसाला गरज असती तर माणूस पाठवला असता."

"गरज कुणाला आहे?" वहिनी म्हणाल्या. "आमचे हे म्हणतात, साडीचं दुकानवालं पण मेसेज पाठवतंय आता. सेल लागला, या म्हणून. तसलंच हे. लहान बाळं संपली की मोठी पोरं धरायची. सोळा वर्षांच्या घोड्याला कसला डोस!"

मी त्यांच्या मागून चालत होते. त्यांचं बोलणं मला खरं वाटत होतं आणि आमच्या घरचं तर मला माहीतच होतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल, ते कळत नव्हतं. साडीच्या दुकानाचे मेसेज आमच्या मोबाईलवर यायचेच. ते आणि दवाखान्याचे दिसायला सारखेच होते, बारीक काळी इंग्रजी अक्षरं.

दुसरा डोस तिघांचाही झाला. त्यानंतर वहिनींच्या घरी ठरलं की बास, दोन पुरेत. मावशींनीही नातीला तिसरा नको म्हटलं, तिचा दंड सुजला होता. आमच्या मुलीचा तिसरा मात्र व्हायलाच हवा होता. आम्ही दोघं रोज सकाळी बोलायचो. हे डबा घेताना विचारायचे, "आला का?" मी म्हणायचे, "नाही." ते म्हणायचे, "येईल. त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे."

मधे एक गोष्ट झाली. मुलगी मोबाईल हातात घेऊन गॅलरीत उभी होती. नको असलेले मेसेज ती पुसून टाकत होती. मी विचारलं, कुणाचे पुसतेस? म्हणाली, "वहिनींच्या भावाचे जोक आहेत, मावशींच्या बँकेचा आहे, फालतू आहेत सगळे." माझ्या अंगावर काटाच आला. लोकांनी विश्वासाने आपला नंबर दिला, त्यावर आलेलं त्यांचं पत्र आपण फाडून टाकायचं? माझे वडील तर पोस्टमनने चुकून टाकलेलं शेजाऱ्याचं कार्डसुद्धा न वाचता देऊन येत. मी तिला सांगितलं, एकही पुसायचा नाही. ती म्हणाली, "अगं आई, त्यांनी वाचलेत." मी म्हटलं, "वाचले तरी त्यांचेच आहेत. मागितले तर काय देशील?"

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. हसत म्हणाल्या, "नववीतली पोरगी आणि हातात मोबाईल. जपा हो. आमच्या भावकीत एकीला असाच मेसेजवाला भेटला." त्या थट्टेने म्हणाल्या असतील. पण मी घाबरले. त्या दिवसापासून मुलीने मोबाईलला हात लावायचा नाही असं मी ठरवून टाकलं. मेसेज आला तर वहिनींकडूनच वाचून घ्यायचा. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग दसरा गेला, दिवाळी गेली. दिवाळीत मोबाईल सारखा वाजत होता, चारही घरांना शुभेच्छा. मी दार दार फिरून दाखवून आणल्या. त्यानंतर एकदम शांत झालं. एकही मेसेज येईना. फोन यायचे, मेसेज नाही. वरच्या कोपऱ्यात एक पाकिटाचं चित्र तेवढं उघडझाप करायचं. पहिल्यांदा मी वहिनींना दाखवायला गेले, तर त्यांनी बटणं दाबली आणि म्हणाल्या, "नवीन काही नाही, सगळे जुनेच आहेत." त्या पोळ्या करत होत्या, हाताला पीठ होतं. म्हणून मी समजले की ते चित्र असंच असतं, चार्जिंगच्या दांड्या असतात तसं. हेही म्हणाले, असेल काहीतरी कंपनीचं. दिवाळीनंतर ह्यांना पुन्हा दोन-दोन पाळ्या लागल्या, सकाळचं "आला का?" विचारणंही राहून गेलं.

डिसेंबर संपता संपता एका दुपारी मी शेठकडे तयार माळा द्यायला गेले होते. परत आले तर हे घरी. पहिल्या पाळीचे असून लवकर आले होते. मोरीपाशी पाटावर बसलेले, डावा हात पुढे केलेला, आणि मुलगी त्यांच्या बोटाची पट्टी सोडत होती. कारखान्यात डब्याची कड कापताना ब्लेड बोटात गेलं होतं. तिथे कुणीतरी फडकं बांधून दिलं, ते रक्ताने भिजलं होतं. मुलगी ते सोडून, पाण्याने धुऊन, हळद दाबत होती. तिच्या दोन्ही हातांना रक्त.

आणि तिच्या बोटांना तार लागलेली होती. शाळेतून आल्यावर ती मला माळांना हूक लावायला मदत करायची, त्या तारेने बोटांची टोकं फुटायची. त्या दिवशी सकाळीच तिने मला दाखवली होती.

मी दारातच थांबले. मला ओरडता येत नाही, तरी ओरडले. "हात काढ!"

दोघं दचकले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग तिच्या हातांकडे. त्यांना तेव्हा आठवलं. दुखण्यात ते विसरूनच गेले होते. त्यांनी हात असा मागे ओढला की हळदीची वाटी मोरीत पडली.

"तिसरा झाला ना हिचा?" ह्यांनी मला विचारलं.

"मेसेज आला नाही."

"अजून?"

मुलीला साबणाने हात धुवायला लावले. एकदा, दोनदा, तीनदा. ती रडकुंडीला आली, "झालं ना आता!" तिला आजार माहीत होता, पण एवढं घाबरायचं काय ते तिला समजत नव्हतं. हे एका हाताने पेटी उघडू लागले. कार्ड निघालं. मुलीनेच वाचलं. तिसऱ्या डोसपुढे तारीख लिहिलेली होती. ती जाऊन दोन महिने होत आले होते.

मी म्हटलं, "तुला आठवलं नाही?"

ती खाली बघत म्हणाली, "मला वाटलं तू विसरलीस. मला इंजेक्शन नको होतं. मी गप्प बसले."

मग तिने खिळ्यावरून मोबाईल काढला. कुणी अडवलं नाही. तिने बघितलं आणि म्हणाली, "आई, डबा भरलाय."

"कसला डबा?"

"मेसेजचा. ह्यात थोडेच मावतात. भरला की नवीन येत नाहीत. हे पाकीट त्यासाठीच चमकतंय."

"मग जे आले ते कुठे गेले?"

"आलेच नाहीत."

"पाठवले असतील ना त्यांनी?"

"पाठवले असतील."

"मग कुठे आहेत?"

तिने चार-पाच पुसले तशी मोबाईलची घंटी वाजली आणि दोन नवे आले. एक वहिनींच्या भावाचा, एक कुठल्यातरी लॉटरीचा. दवाखान्याचा नव्हता. त्याचे दिवस भरून गेले असतील. तो निरोप दोन महिने कुठे उभा होता आणि कधी परत फिरला, हे मी नंतर पुष्कळांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही.

दवाखाना पाचला उघडायचा. ह्यांना तो हात घेऊन मी येऊ दिलं नाही, ते कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे टाके घालायला गेले. मुलीला घेऊन मला एकटीला जायचं होतं, मॅडमना सगळं नीट सांगायचं होतं. मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. वहिनींची कडी वाजवली.

"फोन?" त्यांनी विचारलं.

"नाही. माझ्याबरोबर दवाखान्यात येता का? मला तिथे बोलता येणार नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, गॅस बंद केला आणि चपला घातल्या. वाटेत त्यांनी विचारलं, काय झालंय? मी म्हटलं, डोस राहिलाय. त्या म्हणाल्या, "एवढंच? मग रडताय कशाला? आमच्या पोराचा पण राहिलाय की."

आत वहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. मॅडमनी कार्ड हातात घेतलं आणि वरचं लाल वाचलं. "वडील पॉझिटिव्ह. आणि तुम्ही तिसरा डोस चुकवला? आम्ही मेसेज पाठवला होता."

वहिनी हळूच माझ्याकडे वळल्या. मी कार्डाकडेच बघत राहिले.

मग मला सांगावंच लागलं. रक्त, ब्लेड, बोटं, तार. मी सांगत होते ते आधीचं नंतर आणि नंतरचं आधी होत होतं. मॅडम मधे मधे विचारत होत्या. वहिनी काहीच बोलल्या नाहीत, त्यांना मी बोलण्यासाठीच आणलं होतं तरी. शेवटी मीच सगळं बोलले होते.

मॅडम म्हणाल्या, "घाबरू नका. दोन डोस झालेत, बरंचसं संरक्षण आलेलं असतं. तिसरा उशिरा दिला तरी चालतो, पहिल्यापासून करावं लागत नाही. आत्ता देते. महिना-दीड महिन्याने रक्त तपासू, तेव्हा नक्की कळेल."

"तोपर्यंत?" मी विचारलं.

"तोपर्यंत थांबायचं."

मुलीने दंड पुढे केला.

आम्ही उठलो तेव्हा वहिनींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. मॅडमना म्हणाल्या, "आमच्या मुलाचा पण तिसरा राहिलाय. उद्या आणू का?"

"आणा की. मी तर मेसेज पाठवून थकले."

रस्त्याने वहिनी मुलीच्या पलीकडून चालत होत्या. नाक्यावर आल्यावर म्हणाल्या, "आधी सांगायचं ना."

एवढंच म्हणाल्या. त्या रागाने म्हणाल्या की मायेने, हे मला तेव्हाही कळलं नाही. आधी सांगितलं असतं तर त्यांनी तारखा लक्षात ठेवल्या असत्या, की मुलाला आमच्याकडे येऊ दिलं नसतं? मी पुष्कळ विचार केला. दोन्ही त्यांच्या स्वभावात होतं. पुढचे काही दिवस त्या आमच्याकडे बसायला आल्या नाहीत. पण त्यांच्याकडे गावचे पाहुणे आले होते, तेही खरं होतं. मजल्यावर कुणाला त्यांनी काही सांगितलं का, हेही समजलं नाही. मावशी पूर्वीसारख्याच होत्या. फक्त एकदा त्यांनी ह्यांच्या तब्येतीचं विचारलं. आधीही विचारायच्या का, ते मला आठवेना.

त्या दीड महिन्यात मी एक काम केलं. मोबाईल घेऊन एकेका दाराशी गेले. म्हटलं, यातले तुमचे कुठले ते सांगा, पुसू का?

वहिनींनी दार अर्धं उघडून बघितलं. "आवो, पुसा की! ते काय जपून ठेवायचे असतात?" आणि मग थांबून, "तुम्ही एवढे दिवस ठेवलेत?"

"तुमचे होते म्हणून."

मग मोबाईल माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतःच सगळे पुसले, भावाचे, बँकेचे, साडीवाल्याचे, सगळ्यांचे. एकदा पण विचारलं नाही कुठला कुणाचा.

मावशी म्हणाल्या, "माका वाचूक येता कुठे गो? माझ्या नावाचे काय आले नि काय गेले, माका काय ठाऊक!" त्यांच्यासाठी मी दिवाळीच्या आधीपासून बँकेचे मेसेज सांभाळले होते.

मी चूक केली की बरोबर, हे ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "लोकांचं ठेवलंस ते चूक नाही." मग जरा वेळाने म्हणाले, "पण पोरीचा डोस राहिला." तेवढं मला आधीच माहीत होतं.

ते दिवस मला कसे गेले ते नीट आठवत नाही. मुलगी शाळेत जायची, यायची, हसायची. मी तिचे डोळे बघायचे. तिला ते कळायचं, मग ती मुद्दाम डोळे मोठे करून माझ्यापुढे यायची, "बघ, पिवळे आहेत का?" मी म्हणायचे, "थट्टा करू नको." पण डोळ्यांत काही दिसत नाही, नुसती राहते, हे मला माहीत होतं. मग मी बघायचे तरी कशासाठी? तरी रोज बघायचे. ह्यांनी बोटाची पट्टी शेवटपर्यंत स्वतःच दातांनी धरून बांधली. तिला जवळ येऊ दिलं नाही.

रक्त तपासायला दिलं आणि रिपोर्ट आणायला मी एकटी गेले. ह्या वेळी वहिनींना बोलावलं नाही. मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "छान आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आजार लागलेला नाही, आणि लसीने आपलं काम केलंय. पुरेसं संरक्षण आहे."

"म्हणजे आता तिला होणार नाही?"

"आता काळजी करायची नाही."

मला "होणार नाही" असं ऐकायचं होतं. मी पुन्हा विचारलं. बाहेर पुष्कळ बाळं रडत होती, रांग होती, माझ्या मागची बाई कुरकुरली. मी तरी उठले नाही. मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "नाही होणार हो. जा आता घरी."

हे संध्याकाळी पाळीवरून आले. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या नक्की काय म्हणाल्या? मी जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, आधी काय म्हणाल्या, छान की पुरेसं? मी म्हटलं, आधी छान, मग पुरेसं. ते म्हणाले, पुरेसं म्हणजे थोडं कमी का? मी म्हटलं, तसं नाही वाटलं. पण त्यांनी विचारल्यावर मलाच तसं वाटू लागलं.

मग त्यांनी मुलीला हाक मारली आणि कागद तिच्या हातात दिला. ती उंबऱ्यात बसून इंग्रजीत वाचू लागली, मोठ्याने, शाळेत वाचतात तसं, वरच्या पत्त्यापासून. हे समोर उभे राहून ऐकत होते. त्यांनी अजून डबासुद्धा खाली ठेवला नव्हता. वाचून झाल्यावर म्हणाले, "परत वाच."

"पप्पा, तुम्हाला कळतंय का?"

"तू वाच."

तिने परत वाचलं. त्यातलं एक अक्षर आम्हा दोघांना कळत नव्हतं. ती वाचत होती आणि हे प्रत्येक ओळीला मान हलवत होते. मीसुद्धा.